टाकीतल्या पोवळ्याचा उपवास

पित्ताशयातले खडे काढायला गेलेला स्तोयादिन दोन दिवसांत घरी यायचा होता. जखम चिघळली आणि तो तीन आठवडे दवाखान्यात अडकला. एवढ्या काळात त्याला काळजी स्वतःच्या पोटाची नव्हती, बैठकीच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या जिवंत पोवळ्याच्या पोटाची होती.

निशसारख्या डोंगरांमधल्या शहरात समुद्र कुठला? पण स्तोयादिन आणि वुकोटा या दोन बसचालकांनी निवृत्तीनंतर आपापल्या टाकीतच मासे-पोवळ्यांचा समुद्र वसवला. गेल्या शरदात वुकोटा गेला. जाण्याआधी आपलं हाताच्या पंजासारखं पोवळं मित्राला देऊन म्हणाला, "उपाशी ठेवू नकोस रे त्याला." झालं! स्तोयादिननं ते शब्द असे मनावर घेतले की विचारू नका. सकाळी कोळंबीचा चुरा, दुपारी कॅल्शियम, संध्याकाळी कसलीशी महागडी ताकदीची बाटली. पोवळं मात्र बोटं आखडत चाललं, बुडाशी हिरवा बुळबुळीत थर चढला. तो घाबरून आणखी खायला घाली.

दवाखान्यातून बायकोला रोज फोन.

"देसांका, दिलंस का त्यांना?"

"दिलं रे बाबा, दिलं. तू आधी तुझं सूप पी."

मुलीच्या गाडीतून तो घरी आला तेव्हा ईस्टरच्या आधीचा लांबलचक उपवास चालू होता. घरभर घेवड्याच्या उकडलेल्या पांढऱ्या दाण्यांचा वास. देसांका या दिवसांत मांस, दूध, अंडं, काही घरात शिजवत नाही; तेलसुद्धा फक्त शनिवार-रविवारी. कोट न काढता तो टाकीकडे वळला, पण जवळ जायचा धीर होईना. शीतपेटीतला कोळंबीचा डबा जसाच्या तसा भरलेला त्यानं येता येता पाहिला होता.

"डबा उघडलाच नाहीस?"

"उपवासात? माझ्या घरात?"

"अगं, ते मासे आहेत!"

"मग? माझ्या छपराखाली राहतात ना? वाळलेलं समुद्री शेवाळ घालत होते चिमूटभर. पाकिटावर वाचलं, पालाच आहे, उपवासाला चालतो. तेलाच्या दिवशी माशांच्या खाद्याचा तो कोरडा चुरा, कोळंबीचा नव्हे. बाटल्यांना तर हातच लावला नाही, वास बघितलास का त्यांचा?"

संपलं, वुकोटाची शेवटची वस्तूही संपली, असं म्हणत स्तोयादिन खुर्चीत बसला आणि नाइलाजानं मान वर केली.

पाणी लख्ख होतं. हिरवा थर पार उतरला होता. केशरी मासे काचेशी येऊन भांडत होते, आणि त्यांच्यामागे वुकोटाचं पोवळं सगळी बोटं पसरून डुलत होतं. शरदापासून ते एवढं उघडलंच नव्हतं. स्तोयादिनचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी त्याला लाजही वाटली.

"मीच मारत होतो गं याला. जास्तीचं सगळं पाण्यातच कुजत होतं."

"मारत नव्हतास, खाऊ घालत होतास," देसांका त्याचा कोट उतरवत म्हणाली. "माझ्या आईनं माझ्या बापाला असंच खाऊ घालून लवकर वर पाठवलं. आणि तुझा वुकोटा? अर्ध्या ताटावरून उठायचा. मी वाढायला गेले की ताटावर हात धरायचा. विसरलास?"

तो विसरला होता. मित्राचं जेवण विसरून त्याचं एक वाक्यच तेवढं धरून बसला होता.

ईस्टरला कोकराचं मांस शिजून झालं, रंगवलेली लाल अंडी रिवाजाप्रमाणे एकमेकांवर आपटून फोडून झाली, तेव्हा देसांकानं आपणहून कोळंबीचा डबा पुढे केला. "घे, सुटला त्यांचाही उपवास. दे पोटभर."

स्तोयादिननं सवयीनं चमचाभर घेतलं. मग त्यातलं बरंचसं परत डब्यात झटकलं आणि एक कण पोवळ्यावर सोडला. बोटं हळूच त्याच्यावर मिटली. त्यानं दुसरा कण घेतला नाही.

"एवढं पुरे ना रे, वुकोटा?" तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावून जेवायला गेला.