यंत्र थंड होईपर्यंत

माझा धाकटा भाऊ परदेशात ज्या यंत्रावर काम करायचा, त्या यंत्राचा मला अजून राग येतो. क्वांटम कम्प्युटर. पेपरात त्याची बातमी दिसली की मी आधी पान उलटते, आणि मग मागे येऊन ती पूर्ण वाचते. कुठे कण जास्त वेळ टिकला, कुठे चुका कमी झाल्या. मला काय करायचंय, पण वाचते.

धसईजवळच्या आमच्या घरातून तो आधी मुरबाडला शिकायला गेला, मग मुंबईला, मग थेट साता समुद्रापलीकडे. सुट्टीत आला की ओटीवर बसून आईला समजावायचा. साध्या कम्प्युटरला शून्य तरी कळतं नाहीतर एक. आमच्या यंत्रातला कण एकाच वेळी दोन्ही असतो, जोवर कुणी बघत नाही तोवर. बघितलं की तो काहीतरी एकच होऊन बसतो. आई सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "मंग बघता कशाला मेल्यांनो?"

एकदा त्याने मोठ्या हौसेने फोनवर बातमी दिली. कुठल्याशा प्रयोगशाळेत अशा यंत्राकडून पंधराचे अवयव पाडून घेतले होते. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाच त्रिक पंधरा. हे तं आपल्या शाळंतली पोरं सांगतील. त्याच्यासाठी एवढ्या लांब गेलास?" तो तिकडे पोट धरून हसत होता. म्हणाला, पुढे एवढे मोठे आकडे फोडू की बँकांची कुलुपं उघडतील. "बघ हां," आई म्हणाली, "जेलात नको जाऊस."

हे फोन धसईच्या बाजारातल्या किराणा दुकानात यायचे. आमच्या घरी फोन नव्हता. दुकानदार सायकल काढून निरोप द्यायला यायचा.

आई गेली ती भाताच्या कापणीत. खळ्यावर बसली आणि उठलीच नाही. मी शहापूरहून सासरच्या घरातून पोचले, तेव्हा काका दुकानात फोन लावायला निघाले होते. मीही गेले. आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी लांबच्या माणसाला फोनवर देत नाहीत. एकटं माणूस, वाटेत धीर सुटला तर सावरायला कोण? आजारी आहे, ये, एवढंच सांगायचं. ऐकणाऱ्याने समजायचं आणि निघायचं. काका म्हणाले, "आई लय आजारी हाय रे. तू ये." तो म्हणाला, यंत्र थंड करायला लावलंय, पुरतं गार झाल्याशिवाय ते चालत नाही, मधेच सोडलं तर सगळ्यांची मेहनत वाया जाईल, एवढं झालं की निघतो.

काका रिसीव्हर हातात घेऊन तसेच उभे राहिले.

अग्नी चुलतभावाने दिला. दहाव्याला तरी तो येईल असं बाबांना वाटत होतं. एकुलता एक मुलगा. नदीवर त्याच्या हातचं पाणी तिला मिळावं, याखेरीज त्या माणसाने काही मागितलं नव्हतं. दहावा झाला. तेरावाही झाला. भाऊ मात्र दर दोन-चार दिवसांनी दुकानात फोन करून विचारायचा, आई कशी आहे? दुकानदार बिचारा काय करणार, रीत मोडायची त्याची छाती नव्हती. म्हणायचा, "हाय तशीच हाय. तू ये." मग आमच्याकडे सांगायला यायचा, पण ओटीवर चढायचा नाही, खालूनच सांगून वळायचा. माझा संताप व्हायचा. एवढा शिकला आणि एवढं कळू नये? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. एकदा तर म्हटलं, मीच फोन करून स्पष्ट सांगते. बाबांनी माझा हात धरला. "नको गो. एकटा हाय तो तिकडं."

तो आला तेव्हा भात घरात येऊन पडला होता. बाबा अंगणात बसले होते, मुंडण केलेल्या डोक्यावर पांढरी खुंटं उगवली होती. ते बघून तो थबकला. बॅग खाली ठेवली, त्यांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. बाबा तेव्हा पहिल्यांदा रडले.

मी मात्र तोंड सोडलं. "झालं तुझं यंत्र थंड? आपल्याकडे कसं सांगतात ते विसरलास? इथलाच ना तू?"

"काका 'ये' म्हणाले तेव्हाच कळलं होतं, ताई," तो म्हणाला. "यंत्राचं काम कधीच संपलं."

"मग?"

"दुकानदार म्हणायचा, आहे तशीच आहे. मी इथं आलो असतो तर ती गेली असती."

त्याच्या मुस्काटात द्यावी म्हणून मी हात उचलला होता. तो खाली मान घालून बसला होता. हात तसाच राहिला.

"ती गेलीच होती रे येड्या," मी म्हटलं. "पण बाबा होते ना इथं."