पितळेवरच्या खुणा

सौदीतल्या अबकैकजवळच्या एका प्लांटवर मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. पाइपांतला दाब मोजायचा आणि तो वाढला की वेळेवर कुणाला तरी सांगायचं. आमचा मुदीर, म्हणजे विभागाचा साहेब, सौदी. माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, हसरा माणूस. त्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं वेड होतं. काडतुसंही तो घरीच भरायचा. रिकाम्या पितळी पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची.

एका गुरुवारी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. गोळीचा वेग मोजायचं यंत्र घेतलंय, शनिवारी सकाळी माझ्याबरोबर चल आणि आकडे लिही, असं म्हणाला. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच आठवड्यात त्याच्या सहीसाठी गेलं होतं. मी हो म्हणालो.

घरी सांगितलं तर बायकोचा घास हातातच राहिला. "अहो, आपण इथे परके. बंदुकीच्या आसपास आपलं नावसुद्धा नको." साहेबाकडे परवाना आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि खरं तर मलाही पटलेलं नव्हतं. शनिवारी त्याच्या गाडीत बसल्यावर माझा हात सारखा खिशातल्या इकाम्याकडे, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याकडे, जात होता. चेकपोस्टच्या शिपायाने साहेबाशी दोन शब्द बोलून गाडी सोडली. तेवढ्यात माझा शर्ट पाठीला चिकटला.

त्याच्या काकांच्या शेतामागे उघडं वाळवंट होतं. त्याने चटई अंथरली, रायफल मांडली आणि सहा डब्या ओळीने ठेवल्या. प्रत्येक डबीत पाच काडतुसं, आणि प्रत्येक पुढच्या डबीत दारू थोडी जास्त. महिन्याभरात त्याची चुलतभावांबरोबर शर्यत होती, किलोमीटरभर अंतरावरच्या नेमाची. गोळी जितकी वेगात जाईल तितका वारा तिला कमी ढकलतो, त्यामुळे त्याला वेग हवा होता.

तिसऱ्या डबीच्या वेळी दुर्बिणीतून पाहिलं तर निशाणाच्या कागदावरची पाचही छिद्रं कॉफीच्या फिंजानखाली, म्हणजे छोट्या कपाखाली, झाकली जातील इतकी जवळ होती. माझ्या कागदावर पाचही वेग जवळजवळ सारखेच होते. मी त्याला दाखवलं. तो खूश झाला, पण लगेच म्हणाला, ही संथ आहे. चौथ्या डबीत वेग वाढला आणि छिद्रं पांगली. लांबवर हा फरक हातभर होईल, असं मी म्हणालो. त्याने पाचवी डबी उघडली.

पाचव्या डबीच्या शेवटच्या गोळीनंतर रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडेना. त्याने तळहाताने ठोकून तो वर केला. पुंगळी माझ्या पायाजवळ पडली. ती मी उचलली, बोटं भाजली. तिच्या बुडाची टोपी चेपून कडेपर्यंत पसरली होती आणि पितळेवर एक चकचकीत ओरखडा उमटला होता. आमच्या टाकीला दाब वाढला तर सुटायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. इथे त्या दाबासमोर या माणसाचा गाल होता.

सांगायला हवं होतं. तो रागावेल, सही अडेल, मुलीची शाळा अर्ध्यात सुटेल, हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि त्याच वेळी त्याने सहाव्या डबीला हात घातला.

"खलास," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. "पितळ सांगतंय, दाब फार झालाय. आता नको."

त्याने पुंगळी हातात फिरवून पाहिली. हसू गेलं होतं. "घाबरलास?"

"हो."

"मग गाडीमागे जाऊन थांब."

आणि मी गेलो. त्याच्या हातातली रायफल खाली ठेवायला लावण्याऐवजी मी गाडीमागे जाऊन चाकाशी उकिडवा बसलो आणि कान झाकले.

आवाज आधीच्या आवाजांसारखा नव्हता. फाटल्यासारखा होता. नंतर काहीच ऐकू येईना. मी हाक मारली. मग वीसेक पावलं धावत चटईपर्यंत गेलो.

तो बसलेला होता. उजव्या गालावर काळे ठिपके, गॉगलची काच धुराने माखलेली. टोपी फुटून गॅस मागे उसळला होता आणि बोल्ट अडकला होता. मी त्याचा चेहरा पाण्याने धुतला. मग त्याला एकेक डोळा झाकायला लावला आणि बोटं मोजायला सांगितली. दोन्ही डोळ्यांनी तो बरोबर मोजत होता. गाडी मी चालवली. त्याने मफलर गालावर ओढून घेतला. चेकपोस्टवर शिपाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग त्याने हात हलवून जायला सांगितलं.

रविवारी तो माझ्या टेबलापाशी आला. गालाला मलम लावलेलं होतं. कॉन्ट्रॅक्टचा कागद त्याने सही करून समोर ठेवला. मी काही बोलायच्या आत तो हळूच म्हणाला, "तुला गाडीमागे पाठवलं, तेव्हाच तू बरोबर आहेस हे मला कळलेलं होतं. तरी चाप ओढला."

दम्मामच्या कारागिराने बोल्ट सोडवला. उरलेली काडतुसं साहेबाने स्वतः मोडली. शर्यतीत तो तिसऱ्या डबीच्या मापाने उतरला आणि दुसरा आला, असं त्यानेच सांगितलं. वाऱ्याने दोन गोळ्या नेल्या म्हणे, पण त्याची त्याला फारशी खंत दिसली नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या पाळीच्या कामाचं बोलायला लागला.