रिकाम्या खुर्च्यांपुढचा खेळ

दक्षिण चीनमधल्या खेड्यांत देवळापुढे होणाऱ्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांवर मी पीएचडी केली. मग लग्न झालं, नवऱ्याला रियाधच्या एका बँकेत नोकरी लागली. अल मलाझमधल्या फ्लॅटमध्ये माझी पुस्तकं अजून खोक्यांतच होती.

ज्यांच्या घरी राहून मी अभ्यास केला, त्या म्हाताऱ्या सूत्रधारांना मी आजोबाच म्हणायचे. त्यांचा निरोप आला, "या उत्सवात बाहुल्या शेवटच्या नाचवणार. हात थरथरतात. ये." मी बॅग भरली आणि नेमका आमचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अडकला.

"तो रिन्यू झाल्याशिवाय तुला देशाबाहेर जाता येणार नाही," नवरा म्हणाला. "ऑफिसातला माणूस रोज म्हणतो, बुकरा. उद्या."

"त्याचा उद्या उजाडतो तरी कधी?"

उत्सवाच्या दुपारी मी घरभर येरझारा घालत होते. गॅसवरची आमटी करपली. तिकडे संध्याकाळ झाली होती. आजोबांच्या मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. पावसानं मांडवातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी खेळ रंगात आला होता.

शाळेतून आलेली लेक माझ्या खांद्यावरून डोकावली. तिच्या तोंडी अजून शाळेतली हिंदीच होती. "मम्मा, कोई भी नहीं है! फिर किसके लिए कर रहे हैं?"

"देवासाठी. समोर देवळाचं दार उघडं आहे बघ. तो बसलाय आत."

प्रबंधात यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तिला सांगायला मात्र एवढंच पुरलं.

तेवढ्यात दोऱ्या गुंतल्या. योद्ध्याची बाहुली कमरेत वाकली ती वाकलेलीच राहिली. ढोल वाजतच होता. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, जणू इथून हात पुरणार होता. आजोबांच्या मुलीनं शेजारणीच्या हाती फोन दिला, धावत मंचावर गेली आणि बापाच्या हातातून दोऱ्या घेतल्या. खेळ तिनं पुरा केला.

नंतर आजोबा पडद्यावर आले. "जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी जेव. आणि ये."

पुढच्या आठवड्यात इकामा आला. "पण उत्सव तर संपला," नवरा म्हणाला.

"आजोबा आहेत की," म्हणून मी तिकीट काढलं.

मी पोचले तेव्हा ते देवळाच्या पायरीवर आपल्या मुलीला दोऱ्या कशा धरायच्या ते दाखवत होते. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. मी बसले. आणि बसल्या बसल्या, तिकडे रियाधला बापाजवळ राहिलेली लेक शाळेतून आली असेल का, काही खाल्लं असेल का, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर राहिना.