दारावरची यादी

अक्कांना कसलाही आजार नव्हता, तरी आठवड्यातले चार दिवस त्या दवाखान्यात असत. सकाळी साडेसहाला मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराचं फाटक करकरे, आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहणारा मी पांघरूण डोक्यावर ओढून मनात म्हणे, निघाली स्वारी. सुती साडी, रबरी चपला, पिशवीत पाण्याची बाटली, दोन पेनं आणि एक जाड वही. सरकारी कारखान्यात जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेल्या एकट्या बाईने खरं तर देवदेव करावा, भाचरांची लग्नं जमवावीत. या जात सरकारी इस्पितळात, कोणा अनोळखी माणसाबरोबर रांगेत उभ्या राहायला.

घराण्याची चौथी पिढी बेंगळुरूत वाढलेली. मराठी घरात जपलेली, पण कन्नडमधल्या ‘स्वल्प’ (जरा) आणि ‘सरी’ (बरं) यांच्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. मला त्या ‘पुणेकर’ म्हणत, आणि त्यात कौतुक फारसं नसे. ‘तुझी मराठी कशी रे, वकिलाच्या नोटिशीसारखी. स्वल्प मऊ बोलायला शीक.’ स्वतः मात्र दवाखान्याच्या खिडकीवर मऊ बोलत नसत.

दोनतीनदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. रांगेतला माणूस खिडकीशी पोचला, की सवयीने हात जोडी. अक्का मागून येऊन ते जोडलेले हात सरळ सोडवत आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत. ‘हात जोडायचे देवळात. इथं कागद पुढं करायचा आणि विचारायचं, माझं काम कधी होईल.’ खिडकीतल्या कारकुनाला त्यांचा धसका होता. माणसं मात्र ओशाळत. औषध मागायला आलोय आणि ही बाई भांडण लावून देतेय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

‘ओळखीनं मिळतं ते दान रे,’ अक्का म्हणत. ‘आपल्या नंबरावर मिळतं ते आपलं.’ मला हे भाबडं वाटे. कंपनीच्या विम्याचं कार्ड खिशात असलेल्या माणसाला हक्काची फिकीर करावी लागत नाही. ताप आला की तो जयनगरच्या थंडगार हॉस्पिटलात जातो आणि कॉफी पीत बसतो. हे मी एकदा त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘सरी. मग तुला जे मिळतं ते मुनियम्माला का नाही, एवढंच मला सांग.’ मुनियम्मा म्हणजे अक्कांच्या पायरीवर बसून मोगऱ्याचे गजरे ओवणारी फुलवाली. मी विषय बदलला.

अक्कांची खरी लढाई डायलिसिसच्या वॉर्डाशी होती. यंत्रं थोडी आणि मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं अमाप. जागा रिकामी व्हायची ती यंत्रावरचं कोणीतरी गेलं की. पुढचा नंबर कोणाचा, हे फक्त आतल्या बाडात लिहिलेलं असे आणि ते बाड कोणाला दाखवत नसत. आठ महिने अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज असं करून अक्कांनी वॉर्डाच्या दारावर प्रतीक्षायादी चिकटवायला लावली. नाव, नंबर, तारीख. त्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावून म्हैसूरपाक खायला घातला.

‘कागदच तर आहे, अक्का,’ मी म्हणालो.

‘तुझं नोकरीचं पत्र काय रे, पितळेचं होतं?’

त्या यादीत राजाजीनगरचा एक शिंपी होता. पन्नाशीचा, सुकलेला, नेहमी इस्त्रीचा शर्ट घालून येणारा. खाजगीतला महागडा डायलिसिस जमेल तेव्हा उधारउसनवार करून घेई आणि दर आठवड्याला येऊन दारावरचा कागद बघून जाई. एकदा कोणाच्या तरी पाया पडून त्याने आमदाराची चिठ्ठी मिळवली. ती तो आधी अक्कांना दाखवायला घेऊन आला. अक्का म्हणाल्या, ‘तू दुसरा आहेस. ही चिठ्ठी चालवलीस तर पहिल्यानं काय करायचं? तुझा नंबर येणार, मी सांगते.’ त्याने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं, असा त्याचा विश्वास होता. महिन्याभरात पहिल्याला जागा मिळाली आणि शिंपी पहिला झाला.

चौथी होती मुनियम्मा. पाय सुजले, मग चेहरा सुजला. तरी ती यायची, पायरीवर टेकायची आणि चार फुलं ओवून झाली की थांबायची.

एका रविवारी दुपारी अक्का जिना चढून माझ्या खोलीत आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

‘त्या वॉर्डाला तुझ्या कंपनीनं दोन यंत्रं दिलीत ना?’

दिली होती. उद्घाटनाला आमच्या सायबांनी फीत कापली, तेव्हा याच अक्का ‘यंत्रापेक्षा पाटी मोठी’ म्हणून हसल्या होत्या.

‘सायबाचा शब्द चालेल तिथं?’

‘अक्का, पण ती यादी—’

‘मला यादी सांगू नको!’ त्यांचा आवाज चिरकला. ‘ती माझ्या पायरीवर बसलीय रे. तिची धाप मला स्वयंपाकघरात ऐकू येते. कालपासून मला घास उतरत नाही.’

मी फोन केला. पाच मिनिटांचं काम होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्या बाईंच्या उपयोगी पडलो होतो, आणि जग कसं चालतं याबद्दल माझंच खरं ठरलं होतं. मंगळवारी एक जागा रिकामी झाली. ‘तातडीचे’ असा शेरा मारून ती मुनियम्माला दिली. दारावरच्या कागदात काहीच बदललं नाही. शिंपी तिथे पहिलाच राहिला.

नवव्या दिवशी तो घरीच, राजाजीनगरच्या त्याच्या खोलीत वारला. मुनियम्मा पाच महिने जगली, मग संसर्ग झाला आणि तीही गेली. आमच्या करामतीची कमाई एवढीच.

शिंप्याचा तेरावा झाल्यावर अक्का म्हणाल्या, ‘मला तिकडं घेऊन चल. मी त्याच्या बायकोला सांगणार आहे.’ मी परोपरीने समजावलं, की आता सांगून कोणाचं भलं होणार आहे? पण त्यांनी ऐकलं नाही. रिक्षात त्या कन्नडमध्ये वाक्यं जुळवत होत्या, ओठ हलताना दिसत होते. शिव्या खायची, प्रसंगी मार खायचीही तयारी करून निघाल्या होत्या.

शिंप्याची बायको दारातच त्याच्या मशीनवर कोणाचं तरी ब्लाउज शिवत होती. तिने आम्हाला चटई दिली, पाणी दिलं. अक्कांनी सगळं सांगितलं. फोन, तातडीचा शेरा, आमदाराची चिठ्ठी आपणच अडवली तेही. एक अक्षर गाळलं नाही. मी जमिनीकडे बघत होतो.

त्या बाईने शिवत असलेल्या ब्लाउजाची घडी घातली. मग म्हणाली, ‘इरली बिडी, अक्का.’ असू द्या, सोडून द्या. पुढे म्हणाली, की तुमची ओळख होती, तुम्ही तुमच्या माणसाला वाचवलंत. माझी असती तर मीही तेच केलं असतं. आमचं कोणी नव्हतं. मनात काही ठेवू नका. आणि उठून तिने अक्कांसाठी कॉफी टाकली.

परतताना अक्का बराच वेळ बाहेर बघत होत्या. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या, ओझं उतरलं. तसं मी म्हणालोही.

‘उतरलं?’ त्या म्हणाल्या. ‘अरे, तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर मी उद्या पुन्हा त्या खिडकीवर गेले असते. पण तिचं काही होतं आणि ते मी पळवलं, असं तिला वाटलंच नाही. एवढी वर्षं मी यांना काय सांगत होते रे, पुणेकर?’

रिक्षा मल्लेश्वरममध्ये शिरली, तेव्हा रिक्षावाल्याने मागे वळून गल्लीचा नंबर विचारला, ‘कितवा क्रॉस, अम्मा?’ जन्मापासून त्या घरात राहिलेल्या अक्का त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शेवटी क्रॉस मी सांगितला.