सरकारजमा घराची कॅसेट

दुबईच्या करामा वस्तीत नवं घर दाखवायचं म्हणजे कॅसेट लावायची, अशी आमची रीतच होती. कुणी गावाकडे फ्लॅट घेतला की भाऊ नाहीतर मेव्हणा व्हिडिओ काढून पाठवायचा, आणि शुक्रवारची जेवणं आटोपली की आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं टीव्हीसमोर बसून बाथरूमच्या टाइल्सचंसुद्धा कौतुक करायचो. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या टाइल्सना वा वा करत आले. त्या शुक्रवारी माझी पाळी होती, म्हणून श्रीखंड केलं होतं.

यांचं कंत्राट एप्रिलमध्ये संपणार होतं. नोकरी गेली की व्हिसा खलास, आणि भारतात आमचं पाठ टेकायला काही नव्हतं. दरवर्षीची सुट्टी नाशिकला दिराच्या हॉलमध्ये गादी घालून काढलेली. जाऊबाई चहा द्यायच्या तोही तोंड वाकडं करून. अशात सरकारची योजना निघाली: हप्ते थकले म्हणून ताब्यात घेतलेले फ्लॅट परदेशात नोकरी करणाऱ्यांना स्वस्तात, वर कर्जाच्या व्याजातही सूट. नाशिकमधलाच दोन खोल्यांचा फ्लॅट आमच्या नावावर निघाला. पंचेचाळीस हजार दिरहम, म्हणजे पाच लाखांच्या आत! मी देवापुढे साखर ठेवली. ते घर कुणाच्या हातून काढून घेतलंय, हा विचार शपथेवर सांगते, मनाला शिवला नाही.

कॅसेट सुरू झाली. जिना, दार, हॉल. मग कॅमेरा स्वयंपाकघरात शिरला आणि गॅसवर कुकर दिसला. त्याची शिट्टी झाली.

"मम्मी, समवन इज लिव्हिंग देअर," माझी मुलगी म्हणाली.

कॅमेरा धरलेल्या दिराचा आवाज आला, "वहिनी, काळजी नको, खाली करतील." तेवढ्यात पदराला हात पुसत एक बाई पुढे आली. माझ्याच वयाची असेल. "तुम्ही दुबईला असता ना? आमचे अजमानला आहेत. चार महिने झाले, ना फोन ना पैसे. जरा बघता का हो?" तिने कंपनीचं नाव सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घर गेल्याचं तेवढं त्यांना सांगू नका. मी कळवलेलं नाही. जिवाचं काही बरंवाईट करून घेतील."

वाट्यांतलं श्रीखंड तसंच टाकून मंडळी मुलांना चपला घालायला लागली.

सगळे गेल्यावर यांनी योजनेचे कागद पुन्हा काढले. त्यात एक कलम होतं. मूळ मालकाने मुदतीत स्वतःच्या सहीने अर्ज केला आणि पगार अडकल्याचं लिहून दिलं, तर घर त्यालाच परत. मुदत संपायला बारा दिवस होते.

"त्याला सांगायला हवं," हे म्हणाले.

"आणि आपण कुठे जायचं? तुमच्या भावाच्या हॉलमध्ये, जन्मभर?" मी ताडकन बोलले. "तिनेच सांगू नका म्हटलंय ना? मग?"

तिचा शब्द मी स्वतःसाठी वापरला. आज त्याची लाज वाटते. तेव्हा नुसता राग आला होता. तिचा, दिराचा आणि सगळ्यात जास्त यांच्या भलेपणाचा.

पुढच्या शुक्रवारी, यांच्या हट्टापायी, शेजारच्या अजमानला गेलो. पत्र्याच्या शेडमागे तो माणूस भेटला, वेल्डर होता. सहा महिने पगार नव्हता, पासपोर्ट मालकाकडे, विचारलं की "इन्शाल्ला, उद्या." मराठी कानावर पडल्याबरोबर त्याचे डोळे भरले. कुणाकडून तरी साखर मागून आणली आणि आम्हाला चहा दिला. यांनी त्याच्या हातात टेलिफोन कार्ड ठेवलं.

"घरी ठीक आहे ना सगळं?" त्याने विचारलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर खरं बोलले असते, मला माहीत होतं. म्हणून मीच बोलले. "अगदी ठीक. वहिनी मजेत आहेत. घरसुद्धा पाहिलं आम्ही, कॅसेटमध्ये."

"माझ्यासाठी कॅसेट पाठवली तिने?" केवढा खूश झाला तो! मी मान डोलावली. काय बाई मी! मग तो घराबद्दल बोलतच सुटला. खिडक्यांच्या जाळ्या त्याने स्वतः बसवल्या होत्या, ओट्याची उंची बायकोच्या मापाने घेतली होती. हे खाली मान घालून चहा पीत होते.

निघताना तो रस्त्यापर्यंत सोडायला आला. "नाशिकला आलात तर दुसरीकडे उतरायचं नाही हं, वहिनी. आपलंच घर समजा. हक्काने या."

"येऊ की," मी म्हणाले.

मे महिन्यात आम्ही आलो, सामानासकट.