एका पटाची शाळा

संग्रामपूरहून बारा किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. तिथल्या शाळेत नीळकंठ सर एकटेच शिक्षक. जून उजाडला तेव्हा पटावर तीन मुलं होती. त्यातली दोघं गाडीनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली आणि पहिलीतली अर्पिता तेवढी उरली. सर रोज हजेरी घेत. एकच नाव पुकारत, एकच "हजर" ऐकू येई.

अर्पिता भिमाबाईची नात. भिमाबाई शाळेतली खिचडी शिजवायची. पोरीचे आईबाप सुरतेला कामाला होते. पोरगी भारी अबोल. विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायची.

"काय खाल्लंस?"

"भाकर."

"कोणी खाल्ली?"

"म्या."

"मग सगळं जोडून सांग बरं."

ती नुसती बघत बसायची. शेवटी सरांनी फरशीवर खडूनं तीन चौकोन आखले. पहिल्यात कोण, दुसऱ्यात काय, तिसऱ्यात काय केलं. एकेका चौकोनात उडी मारायची आणि एकेक शब्द बोलायचा. पोरगी दुसऱ्या चौकोनातच अडकायची. मग सत्तावन्न वर्षांचे सर, दुखरा गुडघा धरून, स्वतः उडी मारून दाखवायचे, "सरांनी. चहा. प्यायला." आठ-दहा दिवसांनी ती तिसऱ्या चौकोनात जाऊन थांबली आणि म्हणाली, "म्या भाकर खाल्ली." सरांनी 'म्या'चं 'मी' केलं नाही. वाक्य पुरं झालं होतं.

त्यानंतर तिला छंदच लागला. "आजीनं भाजी चिरली." "बकरीनं पाला खाल्ला." सर ऐकत राहायचे.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको वासंती गेली. तेव्हापासून संग्रामपूरच्या खोलीवर बोलायला कोणी नव्हतं. दूधवाल्याला "अर्धा" म्हटलं की भागायचं. पुण्याहून गंधारचा, त्यांच्या मुलाचा, रोज मेसेज यायचा, "जेवलात?" सर लिहायचे, "हो." एकदा गाडीवरून घरी जाताना त्यांच्या ध्यानात आलं, की दिवसभरात आपण पुरी वाक्यं बोलतो ती फक्त या सहा वर्षांच्या पोरीशी.

नोव्हेंबरात एक धडा आला. सरांनी फळ्यावर लिहिलं, "मुलं खेळतात."

अर्पितानं वाचलं आणि विचारलं, "कोणती?"

सरांनी दाराबाहेर पाहिलं. मैदानात बाभळीची सावली पडली होती.

त्याच आठवड्यात भिमाबाई भांडी घासून झाल्यावर दारात उभी राहिली.

"सर, एक सांगू का तुमाले? पोरगी घरी भिंतीसंग बोलत राह्यते. तिचा मामा बीबी गावाले हाये. तिथं शाळेत लय पोट्टे हायेत. पन तुमी नाही म्हनसान त नाही धाडत मी."

अर्पिता गेली की पट शून्य, आणि शाळा बंद. त्यांची नोकरी सहा महिने उरली होती. ती याच खोलीत संपावी असं त्यांच्या मनात होतं. भिमाबाईची खिचडीही थांबणार होती.

"तुमचं काम जाईल, भिमाबाई."

"जाऊ द्या. मले दोन घरी सयपाकाचं काम भेटते. पोरीले सोबत कुठून आनू मी?"

"धाडा मग," सर म्हणाले.

दाखला त्यांनी स्वतः लिहिला. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात आजवर ते 'स्थलांतर' हा एकच शब्द लिहीत आले होते. या वेळी त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थिनीस बरोबरीच्या मुलांची सोबत मिळावी म्हणून.' अक्षरं रकान्याबाहेर गेली.

सोमवारी भिमाबाई नातीला घेऊन मेहकरच्या बसनं निघाली. तिथून बीबीला दुसरी गाडी. अर्पितानं खिडकीतून हात हलवला.

केंद्रप्रमुखांचा फोन आला. "सर, उन्हाळ्यापर्यंत तरी थांबवायचं होतं. तुम्हालाच त्रास."

"पोरीला त्रास होत होता," सर म्हणाले.

बदलीचा आदेश यायला अठरा दिवस लागले. तेवढे दिवस सर साडेदहाला कुलूप उघडत, फळ्यावर तारीख लिहीत, हजर संख्येपुढे शून्य मांडत आणि पाचपर्यंत बसून राहत. मग तालुक्याच्या मोठ्या शाळेत त्यांना कागदपत्रांचं काम मिळालं. तिथं पोरांचा गलका होता, पण तो भिंतीपलीकडच्या वर्गांतला.

जानेवारीत एका संध्याकाळी बीबीहून फोन आला. अर्पितानं दात पडल्याचं सांगितलं. पूनम नावाच्या मैत्रिणीनं तो कौलावर फेकला, मग दोघींनी बोरं खाल्ली, मग मामी रागावली. सर फोन कानाशी दाबून उभे होते. त्यांना मध्ये एकदाही विचारावं लागलं नाही.

पुन्हा फोन आला नाही. त्यांनी दोनदा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. तिथं रुळू दे तिला, असं त्यांना वाटलं. मे महिन्यात ते निवृत्त झाले.