हनुवटी दुसऱ्याची

कवळीबाईने शहरातल्या कितीतरी लोकांचे चेहरे कधी पाहिले नव्हते. त्यांचे दात मात्र तिनेच केले होते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, एका खिडकीपाशी बसून, ती अठ्ठावीस वर्षं प्लास्टरच्या जबड्यांवर कवळ्या घडवत आली. पेशंट पुढच्या दाराने यायचे आणि तिथूनच जायचे. मागे तिच्यापर्यंत पोचायचा तो फक्त त्यांच्या जबड्याचा ठसा. रस्त्यात कुणी तोंडभरून हसलं की ती मनात म्हणायची, ‘हा आपला.’ आणि तीही हसायची. हसणाऱ्याला वाटायचं, बाई ओळखीच्या दिसतात.

उरल्यासुरल्या प्लास्टरचे ती चेहरे करायची. आधी जबडा, मग त्याभोवती माणूस. असे तीसचाळीस लोक फळीवर अंधारात तोंड मिटून बसले होते, आणि रोज संध्याकाळी कुलूप लावताना ते तिच्याकडे बघत. तेवढं बघणं पुरलं. वाचनालयाला आपल्या दिवंगत संस्थापकांचा अर्धपुतळा करून घ्यायचाय असं कळल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तिने सरळ जाऊन ते काम मागितलं. ठरलं असं, की मातीचा नमुना समितीला पसंत पडला तर पुढे धातूचं ओतकाम. नाही पडला तर राम राम.

डॉक्टर म्हणाले, “तीन महिने सुट्टी मिळायची नाही बाई. एक तर दात, नाहीतर डोकी.”

तिने डोकी घेतली. तिच्या स्टुलावर दुसऱ्या दिवशी नवा माणूस बसला.

नवरा विमा कचेरीत होता. जगात काय काय बिघडू शकतं याचा त्याला तीस वर्षांचा अनुभव.

“समजा, त्यांना नाही आवडला?”

“तर नाही आवडला.”

“समजा आवडला, पण पुढे दुसरं कामच आलं नाही?”

“तर घरी बसून तुमचं डोकं करीन.”

“समजा, नेताना मान मोडली?”

“कुणाची?”

नवऱ्याने वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

संस्थापकांना फोटोचा तिटकारा होता. सगळ्या कपाटांत मिळून त्यांचा एकच फोटो सापडला, आणि त्यातही ते चहा पीत होते. कपाळ, डोळे, नाक, त्याखाली कप. बाकीचा माणूस कपाआड. दुसरा कुणी हबकला असता. कवळीबाई मात्र गालात हसली. संस्थापकांची कवळी तिनेच केली होती. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी तिने फळी ओल्या फडक्याने पुसली, ठसे परत जागच्या जागी मांडले, आणि डॉक्टरांना विचारून त्यांचा ठसा पिशवीत टाकला. बाकीचे ठसे नव्या माणसाने आठवड्याभरात फेकून दिले. त्याला म्हणे मोकळी फळी आवडायची.

अडीच महिन्यांनी वाचनकक्षातल्या टेबलावर तिने मातीच्या डोक्यावरचं ओलं फडकं काढलं. समोर समिती होती: अध्यक्ष, सचिव आणि ग्रंथपालबाई. नवरा दाराशी उभा होता. मान मोडू न देता आणल्याचा घाम अजून वाळला नव्हता.

“हुबेहूब!” अध्यक्ष म्हणाले. “का कोण जाणे, फार जवळचे वाटतात.”

“मलाही कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात,” सचिव म्हणाले.

“अहो, पाहिलेलेच आहेत! वीस वर्षं रोज ओरडा खाल्लाय आपण त्यांचा,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

अध्यक्ष खो खो हसले. त्यांच्या वरच्या ओळीतले पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढले होते. कवळीबाईने ते ओळखले. ते दात तिनेच तसे चढवले होते. त्या कामाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आली होती: ‘खरे वाटले पाहिजेत. कुणाला संशय येता कामा नये.’ हा ठसा संस्थापकांच्या ठशाशेजारीच असायचा. फळी पुसून मांडताना दोघांनी जागा बदलल्या होत्या. टेबलावर संस्थापकांचं कपाळ होतं, नाक होतं, आणि खाली अध्यक्षांची चांगली रुंद, मतदारसंघासारखी पसरलेली हनुवटी.

“मग पसंत?” सचिवांनी पेनाचं टोपण काढलं.

गप्प बसायचं होतं, बस. अध्यक्ष तर स्वतःच्या प्रेमात पडले होते. ती पुतळ्याकडे बघत राहिली. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात बसेल तेवढंच करत आले. आता तरी स्वतःला पटेल ते, ती मनात म्हणाली.

“पसंत नाही,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“मला. जबडा चुकलाय. दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.”

“कुणाचा?” सचिव आणि ग्रंथपालबाई एकदम ओरडले. अध्यक्षांचा हात आपोआप तोंडाशी गेला.

“ते धंद्यातलं गुपित,” कवळीबाई म्हणाली. तिने माती कापायची तार घेतली आणि लोणी कापावं तशी पुतळ्याची हनुवटी कापून टेबलावर ठेवली.

दाराशी नवरा खाली बसला.

“आता खरी हनुवटी कुठून आणणार?” सचिवांनी विचारलं.

“ठसा नाही. फोटोत कप आहे. मलाही माहीत नाही.” तिने ओल्या मातीचा गोळा मळायला घेतला. “तुम्ही तिघांनी पाहिलंय त्यांना. सांगा.”

“लांब होती,” सचिव म्हणाले.

“काहीतरीच! नव्हतीच जवळजवळ,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “मफलरात बुडालेली असायची.”

“उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात तुम्ही वाचनालयात येत तरी होतात का?”

भांडण वाढलं तसा तिचा अंगठा चालू लागला. लांब केली, खुडली, पुन्हा लावली. ती अंदाजाने चाचपडत होती, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले होते. अध्यक्ष मात्र ओठ घट्ट मिटून, खाली कापून ठेवलेल्या तुकड्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने ते वाकले आणि तिच्या कानाशी येऊन पुटपुटले,

“माझ्यापेक्षा जरा निमुळती होती हो.”